ओवाळणीचं ताट आणि वहीतला हिशेब

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या गल्लीत दुसरा विषय नसतो. राहात्याच्या बाजारात भाजी घेताना गाठ पडो की शाळेच्या फाटकाशी, "काय हो, झालं का फराळाचं?" अशी सुरुवात होते आणि दोन मिनिटांत गाडी महागाईवर येते. तेल काय झालं, डाळ काय झाली, आणि २०२५ साली तर खोबऱ्याने सगळ्यांवर कडी केली होती. मीही त्यात मागे नव्हते. करंजीच्या सारणात खोबरं घालावं की नुसतं रव्यावर भागवावं, यावर मी आणि सासूबाई दोन दिवस बोलत होतो.

दिवाळी झाली, पाहुणे गेले, आणि मी वही काढून बसले. घरखर्च लिहायची सवय मला लग्नाआधीपासून आहे. शाळेतल्या मुलांच्या वह्यांमधली कोरी पानं फाडून, शिवून त्याची एक वही करते. त्यात दिवाळीची दोन पानं वेगळी असतात. २०२५ च्या दिवाळीचा हिशेब असा निघाला. फराळाचं सामान, तेल, तूप धरून ४,१५० रुपये. पणत्या, रांगोळी, फुलं, पूजेचं सामान १,३००. मुलांचे फटाके ७००. घरातल्या पाच जणांचे कपडे ६,२००. आणि देणंघेणं १५,८५०! एकूण २८,२००. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा माझ्या घरात राहिलाच नव्हता. तो साड्यांच्या घड्या, शर्टपीस, मिठाईचे डबे आणि पाकिटं होऊन घराबाहेर गेला होता. आणि मी भांडत होते खोबऱ्याशी. खोबरं आणलं होतं अर्धा किलो!

मैत्रिणींनो, दिवाळी सोडून भलत्याच वेळी हे का सांगते आहे असं वाटेल. पण देण्याघेण्याची बोलणी दिवाळीच्या तोंडावर होत नाहीत. तेव्हा बोललं की ते लागतं. आधी बोललं तर निदान ऐकून तरी घेतात.

फराळाचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. आम्ही शेजारच्या चौघी तीन वर्षांपासून फराळ वाटून करतो. चकली माझ्याकडे, एकीकडे चिवडा आणि शेव, एकीकडे लाडू, एकीकडे शंकरपाळी आणि करंजी. सामान चौघींचं एकत्र आणायचं, खर्चाचे चार भाग. खरी बचत तेलात आहे. चार घरी चार कढया चढल्या की प्रत्येकीच्या कढईत तळून उरलेलं तेल राहतं आणि ते पुढे धड वापरवत नाही, टाकवतही नाही. एकाच कढईत एकच जिन्नस भरपूर तळला की तेल कमी लागतं, गॅसही कमी. पहिल्या वर्षी थोडं वाजलं. एकीने पामतेलात तळलं आणि दुसरीने शेंगदाण्याच्या, मग कुणाचा चिवडा घशाला लागतो यावरून कुजबूज सुरू झाली. म्हणून आता तेलाचा डबा एकच, सगळ्यांसमोर फोडायचा. माझी भाजणी विचारतात म्हणून देते: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी मूगडाळ, एक वाटी उडीद डाळ, मूठभर धणे आणि त्याच्या निम्मे जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवावेत आणि सगळं मंद आचेवर वेगवेगळं भाजावं. विकतच्या भाजणीच्या निम्म्या पैशांत होते.

आपल्या भागात साखरेचं एक बरं आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून हा सगळा पट्टा कारखान्यांचा. घरात कुणी सभासद असेल तर दिवाळीला सवलतीच्या दरातली साखर मिळते. दूध संस्थेला दूध घालणाऱ्यांना दिवाळीच्या आधी रिबेट मिळतं. ते पैसे एकदम हातात येतात आणि एकदमच जातात, हा माझ्या माहेरचा अनुभव. त्याबद्दल पुढे सांगते. रेशनवर २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला होता. रवा, साखर, हरभरा डाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. पण असल्या योजनेचा भरवसा धरून किराणा ठरवू नये. मिळाली तर मिळाली.

फुलांचं म्हणाल तर शिर्डी आमच्यापासून पाच किलोमीटरवर. दिवाळीच्या सुटीत तिथे माणसांचा महापूर, त्यामुळे झेंडू, शेवंती लक्ष्मीपूजनाच्या दिवशी डोळे पांढरे करणाऱ्या भावाने. आम्ही परसात आणि गच्चीवरच्या डब्यांत श्रावणातच झेंडूची रोपं लावतो. दाराच्या तोरणापुरती फुलं निघतात. आकाशकंदील मुलं घरी करतात. कामट्या, घोटीव कागद आणि खळ. पहिल्या वर्षीचा वाकडा झाला होता, तोच आठवणीत आहे.

आता देण्याघेण्याकडे वळते.

माझं माहेर कोपरगाव तालुक्यातलं, शेतकरी घर. आम्ही दोघी बहिणी आणि मोठा दादा. वडील गेल्यापासून भाऊबीज दादाच करतो, आणि वडिलांच्या वेळेपेक्षा कणभर जास्तच करतो. दोघींना अठराशेची एकेक साडी, ताटात अकराशे-अकराशे रुपये, आणि दोघींच्या मिळून चार मुलांना नऊशे-नऊशेचे कपडे. २०२५ च्या भाऊबिजेला, २३ ऑक्टोबरला, असंच झालं. मी मोरपंखी साडी नेसून घरी आले, सगळ्यांना दाखवली. आमचे हे म्हणाले, "मेव्हण्यांची निवड चांगली आहे." मलाही छाती भरून आल्यासारखं झालं.

नाताळच्या सुटीला जोडून एक रजा टाकली आणि माहेरी गेले. वहिनी किराण्याची यादी करत होती. चहाची पत्ती, साबण, असं काहीबाही एका कागदाच्या पाठीमागे लिहीत होती. यादी माझ्या हातात देऊन म्हणाली, "ताई, बघा बरं काही राहिलं का." मी कागद उलटा केला. पलीकडच्या बाजूला मालाची हिशेबपट्टी होती. सोयाबीन, तीन क्विंटल, भाव ३,४००, तारीख १३ ऑक्टोबर. एकूण १०,२०० रुपये.

आता मी तासिका तत्त्वावर शिकवत असले तरी शेतकऱ्याचीच मुलगी. २०२५ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, हे आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत रोज ऐकत होते, कारण निम्म्या शिक्षकांची शेती आहे. सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, उभ्या पिकात पाणी साचलं, सोयाबीन ओली निघाली. आणि हमीभावाच्या केंद्रावर बारा टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा माल घेत नाहीत. शिवाय केंद्रं सुरू झाली तीच दिवाळीनंतर. म्हणून ज्याला थांबता येतं त्याने माल वाळवून ठेवायचा असतो, आणि ज्याला पैशांची नड असते त्याने व्यापारी देईल त्या भावाला घालायचा असतो. दादाने बाकीची सोयाबीन वाळवून ठेवली होती, ती पुढे केंद्रावर हमीभावाने गेलीही. मग ही तीन क्विंटल मध्येच ओली का विकली?

मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "दिवाळी होती ना." एवढंच. आणि यादी परत घेतली.

मी मनातल्या मनात गणित केलं. साड्या दोन, ३,६००. ओवाळणी २,२००. मुलांचे कपडे ३,६००. एकूण ९,४००. दहा हजार दोनशेतून आमच्या भाऊबिजेचे नऊ हजार चारशे गेले होते. आणि तीच तीन क्विंटल दोन महिने थांबली असती तर १५,९८४ रुपये आले असते. म्हणजे माझ्या त्या मोरपंखी साडीमागे आणि बाकीच्या सगळ्यामागे दादाने ५,७८४ रुपये आणखी सोडले होते, जे कुणाच्या ताटात दिसले नाहीत. मला मिळाले नाहीत, धाकटीला मिळाले नाहीत, कुणालाच नाहीत.

त्या रात्री झोप आली नाही हे कबूल करते.

सकाळी दादा गोठ्यात होता, तिथे गेले. म्हटलं, "दादा, पुढल्या वर्षी मला साडी नको." तो धार काढता काढता थांबला. "का? आवडली नाही का?" मी म्हटलं, "आवडली. पण पट्टी बघितली मी." तो पुन्हा धार काढायला लागला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माई, बहीण का वर्षातून दहांदा येती? रिकाम्या हातानं लावायची का तुला? लोक काय म्हणतील, बाप गेला अन् भावानं हात आखडला." आवाजात राग नव्हता, पण मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. काटकसरीचे शंभर उपाय वाचले असतील मी, पण भावाला 'देऊ नकोस' कसं म्हणावं, हे कुठल्याच सदरात आलेलं नव्हतं.

'देऊ नकोस' म्हणणं हीच चूक होती, हे दुपारी कळलं. तूर बघायला रानात गेलो होतो. शेंगा भरल्या होत्या. मी म्हटलं, "दादा, मला साडीऐवजी ह्या तुरीची डाळ दे पाच किलो. घरच्या डाळीची आमटी माझ्या सासऱ्यांना फार आवडते. विकतची तशी शिजत नाही." तो लगेच म्हणाला, "पाच कशाला, दहा ने." मी म्हटलं, "पाचच. आणि ताटात एकशे एक रुपये. पण हे सगळ्यांसमोर तू म्हणायचं, की माझ्या बहिणीने रानातलं मागितलंय." आता तो हसला. त्याला द्यायचं होतं, ते द्यायला मिळालं. तूर निघते पौषात. त्यामुळे आमची भाऊबिजेची डाळ संक्रांतीला येते. तिथीला काय करायचंय!

एका महिन्याचा आणि एका पिकाचा हा घोळ आहे, असं माझं मत झालं आहे. भाऊबीज नेमकी अशा वेळी येते की खरिपाचा माल ओला, भाव पडलेला, मजुरी द्यायची, रब्बीचं बी घ्यायचं, आणि त्यातच दोन-तीन बहिणींची पाठवणी. नोकरदार भावाला बोनस मिळतो. शेतकरी भावाला पडलेला भाव मिळतो. तुमचं माहेर शेतीवर असेल तर साडी केवढ्याची हे पुढचं. आधी ती साडी घ्यायला पैसे कुठून आले, एवढं एकदा वहिनीला विचारून बघा. भावाला नको, वहिनीला. खरा आकडा तिच्याकडेच असतो.

पण सगळं इतकं सरळ झालं नाही. धाकटी बहीण वैजापूरकडे दिलेली. तिला फोनवर सांगितलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, तुझं बरं आहे. तू कमावतेस, तुला कुणी विचारत नाही. माझ्याकडे भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई चौघी सुनांच्या साड्या खाटेवर मांडतात. कुणाच्या माहेराहून काय आलं ते शेजारणी बघायला येतात. मी तिथे काय मांडू, तुरीची डाळ?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. साडी म्हणजे काही सहा वार कापड नसतं. त्या घरात ती माझ्या बहिणीची पत असते. तिला 'बाणेदारपणे नाही म्हण' असा उपदेश राहात्याला बसून करणं सोपं आहे.

म्हणून तिची साडी आहे तशीच ठेवायची ठरवली. फक्त पैशांची वाट बदलली. दर महिन्याच्या दुधाच्या पैशातून वहिनी दीडशे रुपये वेगळे काढते. बारा महिन्यांचे अठराशे होतात, आणि साडी दिवाळीत नाही, आषाढात घ्यायची, सेल लागतात तेव्हा. सेलमध्येही डोळे उघडे हवेत. एका दुकानात मला चाळीस टक्के सूट म्हणून जी साडी दाखवली, तीच पलीकडच्या गल्लीत सूट वगैरे काही न सांगता त्याच किमतीला होती. सुटीचा आकडा बघू नये. पदर, काठ आणि कापड बघावं, आणि आधी दोन दुकानांतली किंमत विचारून ठेवावी.

घरी येऊन मी हे सगळं यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुझ्या दादाला सवलत. आणि माझी बहीण?"

बरोबरच होतं. आमच्या वहीतल्या १५,८५० मध्ये अक्कांचा, म्हणजे माझ्या नणंदबाईंचा, आकडा सर्वांत मोठा होता. साडी, ओवाळणी, त्यांच्या यजमानांचं शर्टपीस, दोन मुलांचे कपडे, वर मिठाई. मी दादाचा भार हलका करून आले आणि लगेच अक्कांवर कात्री चालवली असती तर सासूबाईंना काय वाटलं असतं? त्यांनी विषय निघताच सांगून टाकलं, "हे बघ, मी आहे तोवर माझ्या लेकीचं माहेर चालू दे. पुढचं तुमचं तुम्ही बघा." मी म्हटलं, "आई, तुम्हीच अक्कांना विचारा. मी काही बोलणार नाही." आणि खरंच बोलले नाही. जिच्या हातात कात्री असते तिने बोलू नये.

संक्रांतीला अक्का आल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं. अक्का संगमनेरला असतात, एकत्र कुटुंब, घरात रोजची दहा-बारा पानं. त्या म्हणाल्या, "आई, साड्या कपाटात सतरा पडल्यात घडी न मोडलेल्या. मला साडी देऊन त्याच दिवशी संध्याकाळी परत पाठवता तुम्ही. मला चार दिवस राहू दे. आणि त्या चार दिवसांत मला स्वयंपाकघरात हाक मारू नका." असं म्हणून हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. गुडघे दुखतात त्यांचे. इतकी वर्षं आम्ही त्यांना साड्या देत होतो आणि त्यांना हवी होती झोप.

सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत नीट. म्हणाल्या, "लेकीला काय हवंय ते मला वीस वर्षांत कळलं नाही."

आता काही किरकोळ गोष्टी. दिवाळसण आणि धोंड्याचा महिना ही जावयांची पर्वणी. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. तीन वर्षांनी येणारा खर्च आहे, तर तो तीन वर्षांत विभागून ठेवावा. महिना पन्नास रुपये टाकले तरी अठराशे होतात. धर्माने सांगितलं आहे ते तेहतीस अनारसे आणि दिवा. चांदीचं निरांजन, ताट, वाटी हे सगळं आपण मागाहून चढवलं. आणि सोन्याचं तर नावच काढू नका. २०१५ च्या सुमारास दहा ग्रॅमला सव्वीस-सत्तावीस हजार होतं, २०२५ च्या धनत्रयोदशीला सव्वा लाखाच्या वर गेलं. आमच्याकडे पाडव्याला ओवाळणी म्हणून यांनी मला त्या वर्षी प्रेशर कुकरचं नवीन झाकण आणून दिलं. मैत्रिणी हसल्या. पण मी तेच मागितलं होतं.

गावाबाहेरच्या नातेवाइकांना मिठाईच्या डब्याऐवजी आम्ही राहात्याचे पेरू पाठवतो. दिवाळीच्या सुमाराला बागा सुरू झालेल्या असतात. बाजारात न घेता थेट बागेतून घ्यावेत, किंचित हिरवट, देठासकट. एकेक पेरू वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरला की पुण्या-मुंबईला दोन दिवसांत न दबता पोचतो. आमच्या पुण्याच्या मावशी आता मिठाई आली तर नाराज होतात.

ब्लाऊजपीसबद्दल मात्र मी जरा कठोर आहे. चार वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला दिलेल्या एका पिसावर माझ्या मुलाकडून शाईचा ठिपका पडला होता, काठाच्या आतल्या बाजूला. गेल्या संक्रांतीला ते पीस ठिपक्यासकट माझ्याच ओटीत परत आलं. किती घरं फिरून आलं कोण जाणे! कुणी शिवलं नाही, कुणाच्या उपयोगी पडलं नाही. त्यापेक्षा आता वाण म्हणून मी काड्यापेटी, सुईदोरा किंवा मेथीच्या बियांची पुडी देते. मेथीची तर तीन घरी भाजी झाली.

पैसे साठवायचे कुठे, हा प्रश्न उरतो. आमच्याकडे दिवाळीच्या भिशा गल्लोगल्ली चालतात. मीही एका भिशीत होते. महिना तीनशे. दहाव्या महिन्यात भिशी चालवणाऱ्या बाई गाव सोडून गेल्या, आणि सतरा जणींची दिवाळी त्यांच्याबरोबर गेली. नाव लिहीत नाही, त्यांचीही काही अडचण असेल. पण तेव्हापासून मी बँकेत बारा महिन्यांचं आवर्ती खातं काढते, दिवाळीच्या आधीच्या महिन्यात मुदत संपेल असं. पोस्टातलं आवर्ती खातं महिना शंभर रुपयांपासून निघतं आणि सुरक्षित आहे, पण ते पाच वर्षांचं असतं, दिवाळीच्या कामाचं नाही. लेकीच्या पुढच्या शिक्षणाला ते ठीक. भिशी करायचीच असेल तर दहा-बारा जणींची, सगळ्या एकमेकींना ओळखणाऱ्या, आणि पैसे दर महिन्याला कुणाला तरी वाटले जाणारे. एकीच्या कपाटात वर्षभर साठणारी नको.

एका खर्चाला मात्र मी कात्री लावू देत नाही. तो म्हणजे पोस्त. भांडी घासायला येणाऱ्या मावशी, घंटागाडीवरचे दोघे, शाळेतल्या शिपाईमामा. दरवर्षी पन्नास रुपये वाढवते. सरकारसुद्धा अंगणवाडीताईंना दिवाळीला भाऊबीज भेट देतं, आणि महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने तर भाऊबीज निधी गोळा करून किती मुलींची शिक्षणं केली. ज्यांना दुसरीकडून ओवाळणी नाही त्यांना द्यायची, हा भाऊबिजेचा अर्थ मला साडीपेक्षा जवळचा वाटतो. आमच्या मावशींनी एकदा विचारलं, "बाई, घरच्यांचं कमी केलं म्हणता, मग माझं का वाढवलं?" मी म्हटलं, "तुमचं वहीत वेगळ्या पानावर आहे."

यंदाच्या वहीत दिवाळीची पानं मी आतापासून आखून ठेवली आहेत. दादा: तूरडाळ पाच किलो (संक्रांतीला मिळाली), ओवाळणी १०१. धाकटी: साडी, दादाकडून, दुधाच्या पैशातून, आषाढात घ्यायची. तिला निळा रंग आवडतो. अक्का: भाऊबीज ते पुढचे चार दिवस मुक्काम, ओवाळणी ५०१. काल सासूबाई चष्मा लावून ती वही वाचत बसल्या होत्या. वाचून झाल्यावर अक्काच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे आणखी लिही. गुडघ्याला लावायचं तेल, मोठी बाटली. ते माझ्या पैशातून."